रोगीच जेव्हा शिक्षक होतो

स्मरणिकेसाठी काही लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह दरवर्षी होतो आणि दरवर्षी मी मधुमेह, रक्तदाब किंवा फार तर यकृतातील चरबी अशा एखाद्या निरुपद्रवी विषयावर चार पाने लिहून मोकळा होतो. यंदा ज्या विषयावर लिहावयास बसलो आहे, तो मात्र मी वीस वर्षे टाळत आलो आहे. विषय हिपॅटायटिस सी या विकाराचा आहे. त्याहीपेक्षा, या विकाराच्या रुग्णांना त्याच विकाराच्या रुग्णांनी शिकविण्याचा आहे. टाळाटाळीचे कारण ओघात येईलच.

आपल्यापैकी जे सत्तरीच्या आसपास आहेत, त्यांनी विद्यार्थिदशेत ‘ए नव्हे आणि बीही नव्हे’ असे विचित्र नाव असलेली कावीळ वाचली असेल. रक्त दिल्यानंतर काही आठवड्यांनी रुग्णाचे डोळे पिवळे होत आणि आपण हात टेकत असू. त्या काविळीचा विषाणू 1989 साली ओळखला गेला. या शोधासाठी हार्वे आल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात सुमारे 5 कोटी लोकांना या विषाणूचा दीर्घकालीन संसर्ग होता. त्यांतील सुमारे 55 लाख आपल्या देशातील होते.

एकेकाळी या रोगावर वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शने घ्यावी लागत. आज बारा आठवडे गोळ्या घेतल्या, तर शंभरातील पंच्याण्णव किंवा त्याहून अधिक रुग्ण विषाणुमुक्त होतात. सोफोस्बुवीर हे औषध अमेरिकेत 2013 च्या डिसेंबरात मान्य झाले, तेव्हा त्याच्या एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. 2015 पासून भारतीय कंपन्यांनी तेच औषध आपल्याकडे अगदी थोड्या किमतीत उपलब्ध केले. 28 जुलै 2018 रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळू लागली. मग प्रश्न उरतोच कोठे? गोळ्या आहेत, फुकट आहेत, गुणकारी आहेत. रुग्णाने यावे, घ्याव्या, बरे व्हावे. त्यासाठी वर्ग आणि अभ्यासक्रम कशाला हवेत?

माझीही समजूत हीच होती. ती एका गृहस्थांनी दूर केली. इंदूरपासून तासाभराच्या अंतरावरील एका कसब्यात त्यांचे किराणा मालाचे दुकान होते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस सी ची प्रतिपिंडे आढळली. शस्त्रक्रिया लांबणीवर पडली आणि त्यांना माझ्याकडे पाठविण्यात आले. मी त्यांना पंधरा मिनिटे दिली. कागदावर यकृत काढून दाखविले. प्रतिपिंडे आढळली म्हणजे विषाणू आजही अंगात असेलच असे नाही, काही जणांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो, तेव्हा आधी आर. एन. ए. तपासणी करू आणि मग औषध देऊ, असे सविस्तर सांगितले. ते मान डोलावत होते. ‘काही शंका?’ असे विचारले, तर ‘नाही साहेब’ म्हणाले. तपासणीची चिठ्ठी घेऊन गेले ते परत आले चौदा महिन्यांनी, पोटात पाणी झालेल्या अवस्थेत.

औषध दिले, विषाणू गेला; पण यकृत तोपर्यंत गेलेलेच होते. दोन वर्षांच्या आत ते यकृताच्या कर्करोगाने वारले. नंतर हिशेबाचे कागद घेण्यासाठी त्यांच्या पत्नी दवाखान्यात आल्या होत्या. त्या जे बोलल्या ते मला आजही ऐकू येते. ‘साहेब, आपण पुष्कळ समजावले असेल, पण घरी येऊन ते एवढेच म्हणाले की, माझ्या रक्तात विष आहे. त्या दिवसापासून ताट-वाटी वेगळी केली, ओसरीत झोपू लागले, नातवाला मांडीवर घेणे सोडले. ज्याच्या रक्तातच विष, तो औषध घेऊन काय करणार, असे म्हणायचे.’

‘विषाणू’ हा शब्द मी त्या पंधरा मिनिटांत किमान वीस वेळा उच्चारला असेल. त्यांनी त्यातील पहिली दोन अक्षरे तेवढी ऐकली. जेवढ्याने मनुष्याचा धीर सुटतो, तेवढेच त्याच्या कानी पोहोचले. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एका पेल्यातून पाणी प्याल्याने हा रोग पसरत नाही, हे वाक्य मी बोललोच नव्हतो. कारण त्यांनी ते विचारले नव्हते, आणि एवढे तर कोणालाही ठाऊक असेल असे मी गृहीत धरले होते.

त्यानंतर मी या विषयावरील वाचनास लागलो. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी दीर्घकालीन विकारांच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम बसविला होता. आठवड्यातून एकदा अडीच तासांची बैठक. दोन संचालक, आणि त्यांतील निदान एक तरी स्वतः अशा विकाराने ग्रस्त. 1999 साली त्यांनी 952 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासक्रम केलेल्या रुग्णांची प्रकृती सहा महिन्यांनंतर तुलनेने बरी होती आणि रुग्णालयात दाखल होण्याचे त्यांचे प्रमाणही कमी होते. अमेरिकेत सॅन डिएगो येथील माजी सैनिकांसाठी एरिक ग्रोसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच साचा हिपॅटायटिस सी साठी वापरला. दर आठवड्यास दोन तास, असे सहा आठवडे. संचालकांपैकी एक आरोग्यसेवक आणि एक रुग्ण. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटापेक्षा या गटाचे रोगाविषयीचे ज्ञान, स्वतःवरील विश्वास आणि अंगातील उत्साह वाढलेला आढळला. हा काळ इंटरफेरॉनचा होता, हे येथे लक्षात ठेवावे.

सर्वांत अधिक विचार करावयास लावले ते न्यू मेक्सिको राज्याने. भारतातून तिकडे गेलेले यकृततज्ज्ञ संजीव अरोरा यांनी 2003 साली अल्बुकर्की येथे ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. खेड्यांतील आणि तुरुंगांतील सामान्य डॉक्टरांना दूरचित्रसंवादाच्या साहाय्याने हिपॅटायटिस सी चे उपचार शिकवावयाचे, ही त्यामागील कल्पना. 407 रुग्णांवरील त्यांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या रुग्णालयात 57.5 टक्के, तर या सामान्य डॉक्टरांकडे 58.2 टक्के रुग्ण विषाणुमुक्त झाले होते. ज्ञान तज्ज्ञाच्या मुठीतून सुटले म्हणून निकाल खालावला नाही. पुढे 2009 पासून याच मंडळींनी तुरुंगांतील कैद्यांनाच चाळीस तासांचे प्रशिक्षण देऊन सहबंद्यांचे शिक्षक बनविले. गोंदण्याची सुई, वस्तरा, अमली पदार्थांची पिचकारी यांविषयी कैद्याने कैद्याला सांगावे. पहारेकऱ्याने किंवा डॉक्टरने सांगितलेले ज्या कानांना उपदेश वाटते, त्याच कानांना ते बराकीतील सोबत्याकडून अनुभव म्हणून पटते. ज्याचे जळते त्याला कळते, ही आपली म्हण. तिचाच तेथे अभ्यासक्रम झाला होता.

2019 च्या आरंभी आम्ही इंदुरात असाच एक लहानसा वर्ग सुरू केला. जागा एका देवळामागील सभागृहाची, वेळ रविवारी सकाळची. संचालक दोन. एक शिंपीकाम करणारे मराठी गृहस्थ, औषधाने पूर्ण बरे झालेले. दुसरी चोवीस वर्षांची शाळाशिक्षिका; थॅलेसेमियासाठी लहानपणापासून रक्त घ्यावे लागे आणि त्या रक्तातूनच हा संसर्ग झालेला. चार शनिवार बसून आम्ही तिघांनी हिंदीत टिपणे तयार केली. ‘विषाणू’ हा शब्द शिक्षिकेने पहिल्याच दिवशी खोडला आणि ‘जंतू’ लिहिला. मी हरकत घेतली. ती म्हणाली, ‘सर, शास्त्रात काय लिहायचे ते आपण ठरवा. समोरचा घाबरणार नाही असे काय बोलायचे, ते मला ठरवू द्या.’

पहिला वर्ग साफ फसला. आठ जण आले होते. शिंपीकाकांनी बोलावयास आरंभ केला आणि आठही चेहरे कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे वळले. प्रत्येक प्रश्न मलाच. माझे प्लेटलेट इतके आहेत, माझी सोनोग्राफी पाहता का, गोळी जेवणाआधी की नंतर. अडीच तासांत आठ जणांचा बाह्यरुग्ण विभाग उरकून मी घरी आलो आणि दोघे संचालक रिकाम्या खुर्च्या उचलीत राहिले. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारपूर्वी शिंपीकाकांनी फोन केला आणि अत्यंत आदराने, पण आडपडदा न ठेवता सांगितले, ‘डॉक्टरसाहेब, आपण आलात तर आम्ही येऊन उपयोग नाही.’

मी दुखावलो, हे कबूल करतो. बाहेरच्या पडवीत बसेन, हाक मारल्याशिवाय आत येणार नाही, अशी तडजोड झाली. त्या रविवारी खिडकीतून ऐकू येत होते. प्रथमच ती माणसे एकमेकांशी बोलत होती. एका तरुणाने सांगितले की, लग्न ठरत आले आहे आणि मुलीकडे सांगावे की नाही ते कळत नाही. एका बाईंनी सांगितले की, नवऱ्याला अजून ठाऊक नाही. मग कोणीतरी शिंपीकाकांना विचारले, ‘पूर्वी म्हणे या रोगाला वर्षभर सुया घ्याव्या लागत. तेव्हा माणसे कशी सहन करीत असतील?’ काका म्हणाले, ‘मला माहीत नाही, मी गोळ्यांनीच बरा झालो. डॉक्टरसाहेबांना विचारू या.’ आणि त्यांनी हाक मारली.

मी आत गेलो. ‘त्या इंजेक्शनांनी ताप येई, अंग दुखे, रक्त कमी होई, काहींना नैराश्य येई,’ असे पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले. ज्या बाईंच्या नवऱ्याला ठाऊक नव्हते, त्या माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, ‘हे पुस्तकातले झाले, साहेब. आपणांस काय कळणार!’

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, ‘मला कळते, बाई. मी घेतली आहेत ती.’

हेच मी वीस वर्षे टाळत आलो होतो. सहा-सात अनोळखी माणसांना ते 2019 मध्ये सांगितले. आपणा सर्वांना आज सांगत आहे. 1984 साली मी निवासी डॉक्टर होतो. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसविण्याची पद्धत तेव्हा सर्वत्र होती. तशीच एक सुई एका रात्री माझ्या अंगठ्यात गेली. बोट धुतले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. संसर्ग त्याच सुईने झाला असे सिद्ध करता येणार नाही, पण अन्य कारण मला आठवत नाही. वीस वर्षांनी, 2004 मध्ये, एका शिबिरात रक्तदान केले आणि चार दिवसांनी रक्तपेढीतून दबक्या आवाजात बोलावणे आले. विषाणूचा प्रकार पहिला निघाला. अठ्ठेचाळीस आठवडे, दर शुक्रवारी रात्री इंजेक्शन. म्हणजे शनिवार-रविवार तापात काढून सोमवारी दवाखाना गाठता येई. केस विरळ झाले, वजन नऊ किलोंनी उतरले. आपल्यापैकी अनेकांनी त्या काळात ‘बारीक झालात, मधुमेह तपासा’ असे आपुलकीने सांगितले होते आणि मी हसून वेळ मारून नेली होती. 2006 मध्ये कळले की, विषाणू परत आला आहे. पुढची दहा वर्षे मी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेत असे. येथे नव्हे, भोपाळला, कोणी ओळखू नये म्हणून. 2016 मध्ये सोफोस्बुवीर आणि लेडिपास्वीर बारा आठवडे घेतले आणि मी बरा झालो.

मी शस्त्रक्रिया करीत नाही; माझ्यामुळे रुग्णाला धोका नव्हता. मग लपविले का? रुग्ण येईनासे होतील, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती आपल्याच लोकांची होती. ‘याला कसा झाला असेल?’ हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नसता. पण डोळ्यांत दिसला असता, आणि तो मला पाहावयाचा नव्हता. किराणा दुकानदार गृहस्थ ओसरीत झोपत होते. मी भोपाळची गाडी पकडत होतो. फरक एवढाच की, मला गाडीभाडे परवडत होते.

त्या दिवसानंतर वर्गाने मला आत बसू दिले. डॉक्टर म्हणून नव्हे. शिंपीकाकांनी नियम घालून दिला, ‘आपण आमच्यातले म्हणून बोलायचे. रिपोर्ट पाहायचा असेल, तर सोमवारी दवाखान्यात.’ तो नियम आजही पाळला जातो.

वर्गात काय होते, हे थोडक्यात सांगतो. पहिल्या आठवड्यात यकृत, जंतू, आणि रोग कशाने पसरतो व कशाने पसरत नाही याची चर्चा. दुसऱ्यात तपासण्या. प्रतिपिंडे आढळणे वेगळे आणि विषाणू असणे वेगळे, हे एकमेकांना समजावून सांगावयाचे. ज्याला सांगता आले, त्यालाच समजले असे मानावयाचे. तिसऱ्यात औषधे, चुकलेली गोळी, आणि औषध संपल्यानंतर बारा आठवड्यांनी करावयाची तपासणी. बरे झालो हे ठरते ते तिनेच. चौथ्यात दारू, आहार, थकवा. पाचव्यात घर : कोणाला सांगावे, कसे सांगावे. सहाव्यात पुढचे आयुष्य. प्रत्येक बैठकीच्या शेवटी प्रत्येकाने येत्या आठवड्याचा एक छोटा बेत सांगावयाचा आणि तो पार पडेल याची खात्री शून्य ते दहा यांत मोजावयाची. सातच्या खाली आकडा आला, तर बेत लहान करावयाचा. ही युक्ती स्टॅनफर्डच्या अभ्यासक्रमातली. ज्या बाईंनी नवऱ्याला सांगितले नव्हते, त्यांचा पहिला आकडा दोन होता. बेत लहान होत होत ‘या आठवड्यात फक्त बहिणीला सांगेन’ इथपर्यंत आला, तेव्हा आकडा आठ झाला. नवऱ्याला त्यांनी पाचव्या आठवड्यात सांगितले. तो दुसऱ्या दिवशी स्वतःची तपासणी करून घेण्यास आला.

हे सारे सुरळीत झाले असे समजू नये. एका बऱ्या झालेल्या सदस्याने वर्गात एका काढ्याची थोरवी सांगितली आणि दोघांनी गोळ्या थांबविल्या. ती मला तिसऱ्या दिवशी कळली म्हणून निभावले. तेव्हापासून संचालकांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे : औषध सुरू करणे, बदलणे, थांबविणे याविषयी येथे कोणी सल्ला देणार नाही. दुसऱ्या एकाने बाजारात वर्गसोबत्याला मोठ्याने ‘तुमचा हिपॅटायटिस कसा आहे?’ असे विचारले. तो सोबती पुन्हा आलाच नाही. अनुभव हे ज्ञान खरे. पण त्याला कुंपण लागते. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे वर्ग बंद पडला तो 2022 मध्येच पुन्हा भरला, आणि जुन्यांपैकी काहींचा माग आम्हांला लागला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

शेवटी आपणां सर्वांस, विशेषतः शल्यचिकित्सक बंधु-भगिनींस, काही विनंत्या. विषाणू गेल्यानंतरही प्रतिपिंडे बहुधा जन्मभर राहतात. आमच्या शिंपीकाकांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका रुग्णालयाने याच कारणाने दोनदा पुढे ढकलली आणि त्यांच्या कागदावर लाल शाईने खूण केली. वस्तुतः ते दोन वर्षांपूर्वीच बरे झाले होते. खूण करण्यापूर्वी आर. एन. ए. तपासणी पाहावी; आणि विषाणू असलाच, तरी सर्वच रुग्णांसाठी घ्यावयाची नेहमीची दक्षता पुरेशी आहे. प्रतिपिंडे आढळलेल्या रुग्णाला तुम्ही जे पहिले वाक्य सांगाल, ते ‘हा रोग बरा होतो’ हे असावे. दुसरे, ‘घरच्यांबरोबर जेवा’ हे. ज्यांना सिरोसिस झाला आहे, त्यांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, हे विसरू देऊ नये. या रोगावर लस नाही आणि एकदा बरा झालेला पुन्हा बाधित होऊ शकतो, हेही सांगावे. आणि तुमच्याच अंगठ्यात कधी सुई गेली, तर केवळ बोट धुऊन पुढच्या रुग्णाकडे वळू नये.

वर्ग अजूनही रविवारी भरतो. शिंपीकाकांना आता नीट दिसते. टिपणे तेच वाचून दाखवितात. त्या दिवंगत दुकानदारांच्या पत्नी गेल्या पावसाळ्यात एका शेजाऱ्याला घेऊन आल्या होत्या. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती आणि तो घाबरलेला होता. मी पुढे होऊन काही सांगणार, तोच त्या त्याला म्हणाल्या, ‘आधी आत बस, त्यांचे ऐक. डॉक्टरसाहेब नंतर आहेतच.’ मी पडवीतल्या खुर्चीवर जाऊन बसलो.